कड्यावरचे दगडचाट

लालसू नरोटेने पहिल्या सागाच्या बुंध्याला करवत टेकवली आणि बटण दाबलं. करवत फिरली नाही. त्याने बॅटरी काढली, शर्टाला पुसली, परत बसवली. तरी नाही. तोवर उतारावर इकडे तिकडे पांगलेल्या बाकीच्यांच्या करवतीही बंद पडल्या होत्या. प्रत्येक मुठीवर तांबडा ठिपका चमकत होता, आणि त्या ठिपक्याचा अर्थ येरमेटा गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक होता. कूप बंद.

कूप म्हणजे जंगलाचा कापणीसाठी आखून दिलेला तुकडा. गावाचं जंगल गावच सांभाळत होतं. दरवर्षी पाळीने एक तुकडा विरळ करायचा, साग विकायचा, रोपं लावायची आणि तो तुकडा मिटून पुढच्याकडे वळायचं. करवती मात्र परवान्याशी जोडलेल्या होत्या आणि परवाना नाल्यातल्या यंत्राशी. यंत्र नको म्हणालं की करवत मुकी.

सगळ्यांच्या माना खाली नाल्याकडे वळल्या. तिथे गुडघाभर पाण्यात लालसूची धाकटी बहीण जैवंता यंत्राची नळी धुत उभी होती. ती प्राणिशास्त्र शिकून आली होती आणि या खोऱ्यातली सगळी यंत्रं तिच्या ताब्यात होती.

"काय पाह्यलं वो तुह्या डब्यानं?" देवराव हलामी वरूनच ओरडला. तो ग्रामसभेचा सचिव होता. कुपातली लाकडं त्याच्याच ट्रॅक्टरने खाली जात.

"दगडचाट."

"त्याच्या मायची! बोटभर मासा!" देवरावने करवत पाचोळ्यात फेकली. "गावानं शिकवलं, गावानं निवडलं, अन् गावाच्याच पोटावर पाय. वा रे लेक!"

कुणीतरी हसलं. लालसू हसला नाही आणि बहिणीकडे त्याने पाहिलंही नाही. तो या टोळीचा मुकादम होता. कूप चालला नाही तर निम्म्या गावाला तेलंगणात मिरची तोडायला जावं लागणार होतं, आणि त्या निम्म्या गावात त्याची बायको रुक्मी आणि तिचं अंगावर पिणारं मूलही होतं.

यंत्राचं काम वाटतं तितकं अवघड नाही. पाण्यात वावरणारा प्रत्येक जीव स्वतःला थोडा थोडा सांडत असतो. माशाचा बुळबुळीतपणा, बेडकाची कात, पाणी प्यायला वाकलेल्या वाघाची लाळ, सगळं पाण्यात उतरतं. त्यातल्या पेशींत त्या त्या जिवाचा डीएनए असतो. यंत्र पाणी ओढतं, अतिशय बारीक भोकांच्या पापुद्र्यातून गाळतं आणि पापुद्र्यावर अडकलेले धागे वाचतं. ऊन आणि जंतू हे धागे तोडत राहतात. त्यामुळे लांब धागा सापडला तर तो जीव जवळच आहे, तुकडे सापडले तर दूर आहे किंवा निघून गेला आहे. पूर्वी एका नाल्यात कोणते मासे आहेत हे ठरवायला संशोधक आठवडेच्या आठवडे जाळी लावून बसत. आता न्याहारी होईपर्यंत उत्तर मिळतं.

दगडचाट हा मासा खोऱ्याखोऱ्यांतून संपत चालला होता. त्याचं तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखं. त्याने तो दगडाला चिकटतो आणि वाहत्या पाण्यात दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. उतारावरची झाडं तोडली की माती नाल्यात येते, दगडांवर साय धरावी तसा गाळ धरते आणि दगडचाट उपाशी मरतो. म्हणून नियम केला होता: ज्या नाल्यात दगडचाट, त्याच्या उतारावर कापणी नाही.

यंत्र या नाल्यावर पहिल्यांदाच बसवलं होतं, कारण कूप पहिल्यांदाच इतका वर आला होता. वाचन स्पष्ट होतं. धागे लांब, ताजे आणि भरपूर. यंत्राच्या वर लगेच कडा होता, म्हणजे मासे कड्यावरच्या झऱ्यातच होते.

जैवंताला खटकलं ते हेच. तो कडा पुढे झुकलेला होता. पाणी खडकाला न शिवता थेट खाली पडायचं. दगडचाट ओल्या दगडावर तोंडाने चिकटून थोडाफार चढतो, पण हवेतून चढत नाही. मग तो वर गेला कसा? हा प्रश्न तिला सोडेना. गावाच्या शिव्याही तिला तितक्या टोचल्या नाहीत.

खाली बोरडोहावर जुनं यंत्र होतंच. दोन्ही पाण्यांतले धागे तिने नात्यासाठी ताडून पाहिले. वरचे सगळे मासे डोहातल्याच माशांचे वंशज निघाले. पण ते एकदम वर गेलेले नव्हते. एकेक मासा, वेगवेगळ्या काळी, फार मोठ्या काळापासून. कुणी शेजारी आणून बसवावा तसा प्रत्येक नवा मासा जुन्यांत येऊन मिसळला होता. सगळ्यांत अलीकडचा मासा मादी होता. वरच्या कुणाशीही तिचं अजून नातं जुळलेलं नव्हतं. वीण पावसाळ्यात होते, म्हणजे ती याच पावसाळ्याच्या अखेरीस वर आली होती.

जैवंताची आई समारी याच पावसाळ्याच्या अखेरीस गेली होती.

येरमेट्याचा एक रिवाज होता, या एकाच गावाचा. माणूस गेलं की दहाव्या दिवशी घरच्या पुरुषाने बोरडोहात उतरायचं, मेलेल्याचं नाव घेत दगडाखाली हात घालायचा आणि हाताला पहिल्यांदा लागेल तो जीव नव्या मडक्यात घेऊन कड्यावर चढायचं. तिथल्या झऱ्यात तो सोडायचा आणि मागे न पाहता उतरायचं. एरवी त्या झऱ्याकडे कुणी फिरकत नसे. तिथलं पाणी प्यायचं नाही, तिथे गळ टाकायचा नाही. बायका कड्याच्या पायथ्याशीच थांबत. सोडलेला जीव पाण्यात विरघळतो असं सगळे समजत. दगडाखाली हात घातल्यावर पहिल्यांदा हाताला लागणार तो दगडालाच चिकटून बसणारा मासा, हे जैवंताला आता कळलं. ठरवून कुणी दगडचाट निवडला नव्हता. पिढ्यान् पिढ्या तो आपसूक निवडला गेला होता.

तिने शहरातल्या प्रयोगशाळेत सबनीस मॅडमना फोन लावला.

"सुंदर काम केलंस," मॅडम म्हणाल्या. "आता स्थानिक चौकशी करून एवढंच कळव, नैसर्गिक की माणसाने सोडलेले? सोडलेले असतील तर तो अधिवास धरत नाहीत. मासे काढून टाकायचे, कूप मोकळा."

"काढून खाली डोहात सोडू?"

"छे! इतकी वर्षं वेगळ्या पाण्यात राहिलेत, कोणते जंतू घेऊन येतील कुणास ठाऊक. नष्टच करावे लागतात. नियम तू वाचलायस, जैवंता."

तिने वाचला होता.

घरी रुक्मी गाठोडी बांधत होती. पातेलं, घोंगडी, बाळाच्या चिंध्या. जैवंता दारात आली तेव्हा तिने मान वर केली नाही.

"या ननंदबाई. तुमच्या माशाले सावली पायजे, निर्मळ पाणी पायजे. माह्या लेकरानं मिरचीच्या वावरात खोकत झोपलं तरी चालते. होय ना?"

"वहिनी, ते मासे कुणीतरी वर नेऊन सोडलेत."

कोपऱ्यात बसलेल्या लालसूने मान वर केली. "कोण? नाव सांग. तंगडी तोडतो त्याची."

"तू, दादा."

त्याला समजलं. तो उठला.

"मी मासा नाही नेला. मी आईले नेलं."

"मला माहीत आहे."

"तुले काही माहीत नाही. तू खाली उभी होती."

"दादा, ते तिथे जगलेत. त्यांना पिल्लं झालीत. आजोबांच्या, पणजोबांच्या वेळेपासून. मी सोडलेले म्हणून कळवलं तर कूप उघडेल. पण आधी झऱ्यातला एकेक मासा काढून मारावा लागेल. नैसर्गिक म्हणून कळवलं तर ते राहतील, आणि कूप बंद."

"अन् आईही त्यात?"

"ती त्यातच आहे."

रुक्मीच्या हातातली दोरी थांबली होती. तिने ती पुन्हा ओढली आणि गाठ घट्ट मारली. "मेलेल्यायले झरा हाय," ती म्हणाली. "जित्यायनं कुठं जावं ते सांगा कोणीतरी."

जैवंताला एकटीने उत्तर ठरवता आलं असतं. एक शब्द कळवायचा होता. पण खोटं कळवलं तर गाव उपाशी परगावी जाणार आणि खरं कळवलं तर गाव न कळताच आपल्या मेलेल्यांना मारणार. दोन्ही तिला जमेना. तिने ग्रामसभेत सगळं सांगितलं.

सांगून होताच पहिल्यांदा देवराव हसला. "म्हणजे माणसानं सोडलेले! म्हणजे कूप आपला! इतकं सोपं होतं तं आधी बोलायले काय झालं होतं, बाई?"

टाळ्या वाजायला लागल्या होत्या त्या मध्येच विझल्या. काय सोडलेलं, कुणी सोडलेलं, हे एकेकाच्या ध्यानात येत होतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गावाचा पुजारी चैतू गायता काठीवर भार देऊन उठला. तो तिच्यावर ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तो ओरडला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"आम्ही त्यायले सोडलं अन् मागं पाह्यलं नाही," तो म्हणाला. "न पाहणं हाच रिवाज होता. तू पाह्यलं. आता आम्हाले सगळ्यायले पाहावं लागते."

"बाबा, मी नसतं पाहिलं तरी यंत्राने..."

"यंत्र कोणं बसवलं?"

"हिनंच!" मागून आवाज आला. "काल कूप बंद केला, आज आजे-पणजे मारायले निघाली. हिले काय पायजे तरी काय?"

"शहरातली नोकरी पायजे, दुसरं काय!"

मातीचं ढेकूळ येऊन तिच्या पाठीवर फुटलं. लालसू तिच्याच शेजारी बसला होता. तो हलला नाही.

मग हात वर करायची वेळ आली. पहिला हात रुक्मीचा, कडेवर मूल घेऊन. तिच्यामागे ज्यांची गाठोडी बांधून झाली होती त्या सगळ्यांचे. देवरावनेही हात वर केला, पण या वेळी तो हसत नव्हता. लालसूने बाजूनेही हात केला नाही आणि विरुद्धही नाही. कूप उघडायचं ठरलं. मासे विजेने बधिर करायची कांडी मुकादमाने धरायची, हेही ठरलं.

सकाळी ते कड्यावर चढले. येरमेट्याची कड्यावर चढलेली जैवंता पहिली बाई. वर साजाची उंच झाडं होती आणि त्यांच्या मुळांतून झरा निघत होता. तळाचा प्रत्येक खडा दिसावा इतकं पाणी नितळ. सुरुवातीला तिथे काहीच नाही असं वाटलं. मग डोळा सरावला आणि दगडच जिवंत झाले. प्रत्येकाला मासे चिकटले होते, लहान, मोठे, शेपट्या एका तालात हलवत.

देवरावने चपला काढल्या. "माही आजी इथंच हाय," तो स्वतःशीच पुटपुटला. मग पाठीवरची कांडीची बॅटरी सावरली आणि म्हणाला, "चला. उन्हं चढून राह्यले."

लालसू पाण्यात उतरला. कांडीच्या टोकातून हलका विजेचा झटका पाण्यात जातो, मासा बधिर होऊन वर येतो. पहिला मासा आडवा होऊन तरंगला तेव्हा त्याने तो तळहातावर घेतला आणि बहिणीपुढे धरला.

"ही कोण?"

"दादा..."

"तुह्या पेनानं कळते ना? आई असेल तं सांग. तेवढी ठेवू."

जैवंताच्या हातात वाचक पेन होता. माशाच्या अंगाला टेकवला की तो कोणत्या वंशातला ते कळायचं. तिने टेकवला. "नाही." बादलीत टाकला. दुसरा. "नाही." तिसरा. ती एकही सोडत नव्हती, आणि तो प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहत होता. एकही मासा शिल्लक राहिला तर खालचं यंत्र तो ओळखेल आणि करवती पुन्हा मुक्या होतील, हे त्याला माहीत होतं. तरी तो विचारत होता. तिलाही ते माहीत होतं. तरी ती टेकवत होती.

दुपारपर्यंत दगड उघडे पडले. कांडी पुन्हा पुन्हा फिरवूनही काही वर येईना.

"झालं ना?" देवरावने विचारलं. त्याला लवकर खाली जायचं होतं. बादल्यांकडे तो बघतच नव्हता. "बाई, झालं म्हणा."

जैवंताने बादल्यांकडे पाहिलं. सगळे वाचून झाले होते. यंदा आलेली मादी त्यांत नव्हती. झालं म्हटलं असतं तर सगळे उतरून गेले असते. उद्या यंत्राने तांबडा ठिपका दाखवला असता आणि या माणसांना या झऱ्यावर दुसऱ्यांदा कुणीच आणू शकलं नसतं. लालसू तिच्याकडेच बघत होता. ती एक राहू दे, एवढंच तो नजरेने मागत होता.

"एक राहिली," ती म्हणाली.

लालसूच्या चेहऱ्यावरून काहीतरी कायमचं निघून गेलं. तो पाण्याबाहेर आला, तिच्यापुढे कांडी धरली. "तूच वाचणारी. तूच काढ."

ती पाण्यात उतरली. साजाच्या मुळाखाली हात पोचेल न पोचेल अशी एक खोबण होती, तिथे तिने कांडी धरली आणि बटण दाबलं. मासा सावकाश वर आला. तळहातावर घेतल्यावर त्याचं वाटीसारखं तोंड क्षणभर तिच्या मनगटाला चिकटलं आणि सुटलं. पेन लावायची गरज नव्हती. तिने तो बादलीत ठेवला आणि पाण्यातून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुठींवरचे ठिपके हिरवे झाले.

कूप चालला. साग पडत होते, ट्रॅक्टर फेऱ्या मारत होता. रुक्मीने गाठोडी सोडून चिंध्या दोरीवर वाळत घातल्या. लालसू बहिणीशी बोलेनासा झाला. काही सांगायचं असलं की ती समोर असतानाच तो रुक्मीला सांगायचा. रुक्मी ताट वाढायची, पण पहिल्यासारखी समोर बसायची नाही.

"तुमच्यामुळं घरी राह्यलो हे मी विसरत नाही," एकदा ताट सरकवत ती म्हणाली. "अन् कशानं राह्यलो तेही विसरत नाही. जेवा."

रस्त्यात दिसली की बायका पदर सावरून वाट बदलायच्या. पाणी भरायला गेली की हापसा मोकळा व्हायचा. चैतू गायत्याने तिला घराच्या पूजेला यायची बंदी केली. कूप उघडावा म्हणून ज्यांनी हात वर केले होते तेच सगळ्यांत जास्त तोंड फिरवायचे. प्रयोगशाळेत मात्र तिचं काम गाजलं. एकेका माशाच्या आगमनाचा इतका स्वच्छ इतिहास कुठल्याच नाल्यात कुणाला सापडला नव्हता. खोऱ्यातल्या उरलेल्या नाल्यांसाठी नवी यंत्रं मंजूर झाली आणि ती बसवायचं काम तिच्याकडेच आलं.

होळीच्या सुमाराला देवरावचा बाप वारला.

दहाव्या दिवशी देवराव तिच्या दारात येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, धोतर ओलं. खांद्यावर नवं मडकं होतं आणि त्यात काहीतरी खरवडल्यासारखा बारीक आवाज येत होता. आत ये म्हटलं तरी तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"एक काम होतं," तो खाली बघत म्हणाला. त्याचा नेहमीचा आवाज नव्हता. "तुह्यं यंत्र कोणत्या पाण्यात नाही, तेवढं सांग."

जैवंताने नकाशा काढला नाही. तो तिला पाठ होता. "पलीकडच्या डोंगराचे दोन नाले आहेत, काका. सध्या तिथे काही नाही."

"सध्या?"

"पुढच्या पावसाळ्याच्या आत तिथेही बसतील. सगळीकडेच बसतील."

त्याने मान हलवली. मडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आतलं पाणी डुचमळलं आणि खरवडणं थांबून पुन्हा सुरू झालं. यंत्र बसायच्या आधीच कळलेली जागा, कळलेला दिवस, एकच मासा. कुठल्याही संशोधकाला न मिळणारी गोष्ट. हा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो आला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"कोणाले सांगशील तं पाहून घेईन," देवराव म्हणाला. "मी हात वर केला होता, ध्यानात हाय मले. तरी पाहून घेईन."

"कुणाला नाही सांगणार."

"अन् यंत्रानं विचारलं तं?"

जैवंता चौकट धरून उभी राहिली. देवराव वळला आणि मडकं छातीशी धरून निघाला. डोंगराच्या वाटेने नव्हे, तर उलट्या दिशेने, गावाला लांब वळसा घालून, कोणत्या नाल्याकडे चाललोय ते तिला दिसू नये म्हणून.